अरेरे कुणाला म्हणायचं

सदरा काढायचा की नाही, या एका मुद्द्यावर महिला मंडळाची सभा अडून बसली होती. सदरा अर्थातच वक्त्याचा.

मंडळाच्या चिटणीस केसरबाई पेन्सिलीचं टोक दातांत धरून विचार करत होत्या, की आपल्या आधीच्या चिटणिसांवर असा प्रसंग कधी आला असेल का. आला नसणार, कारण आधीच्या चिटणीस नव्हत्याच. मंडळाला जेमतेम वर्ष झालं होतं. महाराष्ट्र राज्यालाही तेवढंच झालं होतं, आणि दोघांचीही घडी अजून बसायची होती.

चौलच्या शेजारच्या त्या गावात तेव्हा वीज नव्हती, पण सभा फार होत. या सभेला कारण होतं ते रेशनचं जुनं गोदाम. धान्याचं रेशनिंग उठलं तसं गोदाम रिकामं झालं, आणि मागे राहिले ते उंदीर नि तांदळाच्या कोंड्याचा वास. पण भिंती पक्क्या, दाराला कुलूप. विकास-गटाच्या, म्हणजे ब्लॉकच्या, साहेबांनी महिला मंडळाला शिवणाची दोन मशिनं देऊ केली होती, अट एकच: ठेवायला पक्की खोली हवी. नसेल तर मशिनं नागावला जातील. केसरबाईंना रात्री स्वप्नात ती मशिनं बैलगाडीत बसून नागावला जाताना दिसत, आणि जाता जाता त्यांच्याकडे बघून सुई हलवत.

गोदामावर दुसरा दावा होता मारुतीच्या तालमीचा. तालमीत एक मल्लखांब होता, दोन मुद्गल होते आणि भिकू होता. भिकू दुपारी तिथे झोपत असे. एवढ्या पसाऱ्याला जागा अपुरी पडते, असं तालमीच्या अध्यक्षांचं म्हणणं होतं. आणि तालमीचे अध्यक्ष होते येसाजीराव, जे गावचे सरपंचही होते. केसरबाई बायका घेऊन पंचायतीत गेल्या तेव्हा येसाजीराव म्हणाले, "बोलायचं असेल त्यानं उभं राहून बोलावं. सभेची शिस्त असते." पुरुषांच्या सभेत उभं राहून बोलायची त्या बायकांना सवय नव्हती. केसरबाई उभ्या राहिल्या, "आम्हांला खोली हवी," एवढं म्हणाल्या आणि गुडघे लटपटायला लागले म्हणून बसल्या. शेवटी असं ठरलं, की चैत्राच्या हळदीकुंकवानंतरच्या रविवारी गावसभा भरेल, ब्लॉकचे साहेब स्वतः येतील आणि हात वर करून मतं घेतली जातील.

म्हणजे हळदीकुंकू दणक्यात व्हायला हवं होतं. आंबेडाळ, पन्हं ठरलं. व्याख्यानाला अलिबागच्या डॉक्टरीणबाई येणार होत्या. त्यांचा ऐन वेळी निरोप आला, की अडलेली बाळंतीण आहे, जमत नाही. तेव्हा केसरबाईंचे यजमान, पोस्टमास्तर शिवदास, झोपाळ्यावर आडवे होते. मास्तर पोस्टाची वेळ संपली की झोपाळ्यावर आडवे होत आणि पायाच्या अंगठ्यानं खांबाला टेकू देऊन झोका घेत. अंगठ्याचा हा व्यायाम सोडला तर दुसरा कुठलाही व्यायाम त्यांनी शरीराला लागू दिला नव्हता.

"वक्ताच हवा ना?" ते म्हणाले. "मी देतो. रेवदंड्याच्या कोळीवाड्यातला भागोजी. मुंबईत गोदीच्या कारखान्यात आहे. सध्या जत्रेला आलाय, काल मनीऑर्डर करायला आला होता. शरीराच्या स्पर्धेत चांदीचा पेला मिळवलाय त्यानं. छाती अशी," मास्तरांनी हात पसरले, ते झोपाळ्याच्या कड्यांना लागले, "दंड असे. आणि उजवा पाय गुडघ्याखाली नाही गं. कुबडीवर चालतो. अरेरे."

हे 'अरेरे' मास्तरांनीच प्रथम उच्चारलं, एवढं वाचकांनी लक्षात ठेवावं. पुढे त्यांनी ते सगळं बायकोच्या खात्यावर टाकलं.

तर सभा. नीराबाईंचं मत पडलं, की पैलवान बोलून काय बोलणार, त्याचं बोलणं म्हणजे त्याचं शरीर, तेव्हा सदरा निघालाच पाहिजे. वेणूबाई म्हणजे सरपंचांच्या पत्नी. त्या म्हणाल्या, हळदीकुंकवाच्या मंडपात परपुरुष उघडा बसणं शोभत नाही. नीराबाई म्हणाल्या, मग मारुती काय सदरा घालून बसतो का. यावर धार्मिक चर्चा लांबली. अखेर ठराव झाला तो असा: वक्त्याने सदरा काढू नये, बाह्या कोपरापर्यंत वर सारण्यास मंडळाची हरकत नाही.

मग जेवणाचा प्रश्न. नीराबाईंनी सांगितलं, पैलवानाला वीस अंडी लागतात. मास्तरांच्या घरात अंडं चालत नव्हतं. नीराबाईंनी ती आपल्याकडून आणून न्हाणीच्या चुलीवर उकडली, आणि केसरबाई तेवढा वेळ देवघराचं दार लावून बसल्या. भागोजी आला, ताटाकडे बघून म्हणाला, "अंडी मला सोसत न्हाईत, बाई. पेज असंल तर द्या." तो तीन वाट्या पेज प्यायला. अंड्यांचं पुढे काय झालं याची घरात चौकशी झाली नाही. मास्तर बराच वेळ मागच्या पडवीत होते, एवढंच.

मंडप बायकांनी फुलला होता. रेवदंड्याहून कोळणीही आल्या होत्या. पुढच्या खुर्चीवर मंडळाच्या अध्यक्ष गोदूबाई, सगळ्या गावाच्या आजी. कडेला पाहुणे म्हणून येसाजीराव. आणि दाराशी मास्तर, वक्ता आपण पुरवला म्हणून हजर. भागोजी कुबडी टेकत मंडपात आला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सूर उमटत गेला, "अरेरे… अरेरे…" कुणी पदर डोळ्याला लावला. एकीनं लगबगीनं खुर्ची पुढे केली, दुसरीनं त्याला हाताला धरून बसवायला हात पुढे केला, तिसरी म्हणाली, "बिचारा, आईच्या जिवाला काय वाटत असेल."

भागोजी बसला नाही. त्यानं बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या. गोदूबाईंनी चष्मा नीट केला.

"अरे, रेवदंड्याहून आलास तो सदरा दाखवायला का?" त्या म्हणाल्या.

चिटणिसांनी ठरावाची आठवण करून दिली. गोदूबाई म्हणाल्या, ठराव झाला तेव्हा मी पेंगत होते, तो मला लागू नाही. भागोजी हसला आणि त्यानं सदरा काढून खुर्चीवर ठेवला. वेणूबाईंनी तोंडावर पदर घेतला; पदर विरळ होता.

"तुमच्या घरात जड असं काय हाय, आजी?"

"पाटा आहे. दोघी सुना मिळून हलवतात."

पाटा आणला. आणायला दोघी सुना आणि भिकू लागले. भागोजीनं कुबडी बगलेत पक्की केली, एका हातानं पाटा उचलला, खांद्यावर घेतला आणि तिथून डोक्याच्या वर, हात ताठ. पाटा वर, खाली तो, आणि त्याचा एकच पाय जमिनीत रोवल्यासारखा.

"जागच्या जागी ठेव हो," गोदूबाई म्हणाल्या. "टवका उडाला तर वाटण नीट व्हायचं नाही."

पाटा खाली ठेवून भागोजी बोलू लागला. "मला भासन येत न्हाय. मी बारा वर्सांचा व्हतो तवा होडी आनि धक्का यांच्या मदी पाय सापडला. तवापासून मला एक वस्तू रोज मिलते, ती म्हंजे अरेरे. सकाली मिलते, सांजच्याला मिलते. मुंबयला मिलते, हितं पन मिलली. माझ्या घरात ठेवायला आता जागा न्हाय." बायका हसल्या. "तुमचं मन चांगलं हाय, मी जानतो. पन ही अरेरे मला देऊन फुकट जाते. मी पानी भरतो, वजन उचलतो, माझं धोतर मी धुतो. अरेरे म्हनायची हौसच असंल तर घरी जाऊन म्हना. दोन हात, दोन पाय शाबूत असून जो पान्याचा तांब्या पन उचलत न्हाय, त्याला म्हना. त्याला खरी गरज हाय."

मग मागच्या बाजूनं कोळणींतली बायजा फिसकन हसली, आणि ते हसू मंडपभर असं पसरलं की पन्ह्याची भांडी हिंदकळली. येसाजीरावही हसले. भाषण दुसऱ्या कुणाविषयी आहे, अशी त्यांची समजूत होती. मास्तरांनी तर टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी केसरबाई दमून घरी आल्या. मास्तर झोपाळ्यावर. तांब्या झोपाळ्यापासून हातभर अंतरावर.

"अगं, पाणी दे."

केसरबाईंनी तांब्याकडे बघितलं, यजमानांकडे बघितलं. त्यांचा काही बेत नव्हता. पण दिवसभर कानात घोळत असलेला शब्द आपोआप बाहेर पडला, आणि तोही अगदी कळवळून.

"अरेरे."

मास्तरांचा अंगठा खांबावरून घसरला.

दुसऱ्या दिवशी पोस्टाच्या खिडकीशी गर्दी होती, पण तिकिटं कुणालाच नको होती. किराणावाला सदू सांगत होता, "मी नुसतं म्हटलं, टॉवेल दे. टॉवेल माझ्या मागेच होता हो. ती म्हणाली, अरेरे. आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला." दुसऱ्याच्या बायकोनं त्याला घास भरवायला घेतला होता. तिसऱ्यानं चप्पल कुठे आहे विचारलं, तर घरातल्या तीन पिढ्यांच्या बायका ओटीवर येऊन एका सुरात हळहळल्या. बायजा मासळीची पाटी घेऊन गल्लीतून जाताना प्रत्येक ओटीवर लोळणाऱ्या पुरुषापाशी थांबे, पाटी डोक्यावर तशीच ठेवून मान हलवी, "अरेरे, घरातल्यांनी कसं सोसावं," आणि पुढे जाई. भांडावं तर भांडता येईना. शिवी असती तर उलटून देता आली असती. कीव उलटून कशी द्यायची?

येसाजीरावांकडे आदल्या रात्री काय झालं हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. वेणूबाईंनी सगळ्यांना सांगितलं. येसाजीरावांनी उशी सरकव म्हटलं होतं. सकाळी त्यांनी ग्रामसेवकाला बोलावून विचारलं, सार्वजनिक ठिकाणी 'अरेरे' म्हणण्याला कायद्यात काही दंड आहे का. ग्रामसेवकानं पुस्तक चाळून सांगितलं, ढोरं मोकळी सोडण्याला आहे, याला नाही.

तेव्हा ओटीवर पुरुषांची बैठक बसली, आणि कुणीतरी म्हणालं, की आपणही शरीर कमावून दाखवू. ही कल्पना एकदम सगळ्यांना पटली. तांब्या उचलण्यापेक्षा ती सोपी होती. गावातला प्रत्येक धडधाकट पुरुष तालमीत नाव घालून मोकळा झाला. भिकूला झोपायला जागा उरली नाही. येसाजीरावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. एवढे सभासद असलेल्या तालमीला गोदाम नाकारायची साहेबांची काय छाती? आणि रविवारी मतंही हीच माणसं देणार. त्यांनी तालीम शिकवायला खुद्द भागोजीला बोलावलं. शुभारंभ शनिवारी पहाटे. मारुतीचा वार सोडून दुसऱ्या दिवशी तालमीत पहिला जोर काढायचा, हे त्या गावात कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

केसरबाईंनी हे ऐकलं आणि त्यांना पन्ह्याचा गोडवा कडू झाला. आपण बोलावलेल्या वक्त्यानं आपलीच खोली घालवली. नागावच्या वाटेवर बैलगाडी पुन्हा दिसू लागली. त्या तडक तालमीच्या दाराशी गेल्या. भागोजी मल्लखांबाला तेल लावत होता.

"भागोजी, तुम्ही आमचे वक्ते ना? मग त्यांना कसे शिकवता?"

"जो बोलवंल त्याला शिकवतो, बाई. तुमी बोलवलंत तर तुमाला पन शिकवीन."

"पण खोली त्यांना जाईल."

भागोजीनं तेलाचा हात पुसला. "तुमी कदी जोर मारलेत? मारले न्हाईत. मंग रविवार येऊ द्या."

यात धीर कसला होता ते केसरबाईंना कळलं नाही. त्या घरी आल्या आणि त्यांनी रागाच्या भरात दोन दिवसांचं दळण एका दिवसात संपवलं.

शनिवारी पहाटे कंदिलाच्या उजेडात सगळे लंगोट नाही तर दुटांगी धोतरं नेसून उभे होते. दृश्य वर्णन करण्यासारखं नव्हतं. बायकांनी ते विहिरीवरून पाणी भरता भरता पाहिलं आणि नंतर वर्षानुवर्षं वर्णन केलं. भागोजीनं स्पष्ट सांगितलं, "पैल्या दिवशी धा जोर, धा बैठका. जास्त न्हाय. अंग धरंल."

दहा? एका पायाच्या माणसानं दोन पायांच्या माणसांना दहा सांगावेत? सदूनं वीस काढले. मास्तरांनी सदूला वीस काढताना बघितलं आणि चाळीस काढले. विहिरीवरून कुणाची तरी कळशी खणकन वाजली, तेव्हा तर सगळ्यांच्या अंगात वारं शिरलं. येसाजीराव अध्यक्ष असल्यामुळे त्यांना सर्वांच्या पुढे असणं भाग होतं, आणि सर्व जण तर थांबत नव्हते.

"मास्तर, पुरे," भागोजी म्हणाला.

"आम्हांला कमी समजू नकोस," मास्तर धापा टाकत म्हणाले. "आमची कीव नको."

भागोजी कुबडीवर रेलला. "अरेरे," तो पुटपुटला.

शनिवारी दुपारी सगळे छाती काढून हिंडले. मास्तर स्वतः तांब्या उचलून पाणी प्यायले, आणि ते बघायला त्यांनी बायकोला माजघरातून बोलावलं. रविवारी सकाळी त्यांनी झोपाळ्यावरून उठायचं ठरवलं, आणि पाय म्हणाले, तुम्ही व्हा पुढे.

गावसभा दुपारी होती. पंचायतीकडे जाणारी ती मिरवणूक बघून ब्लॉकचे साहेब चरकले. सगळे पुरुष पाय फाकवून, हात अंगापासून थोडे दूर धरून, ओल्या मातीच्या मूर्तीसारखे जपत येत होते. पंचायतीला तीन पायऱ्या होत्या. त्या तीन पायऱ्यांवर गावाचा निम्मा पुरुषवर्ग कण्हला. साथीचा ताप तर नाही ना, असं साहेबांनी ग्रामसेवकाला हळूच विचारलं.

सतरंजीवर बसताना जे आवाज झाले ते सांगत नाही. एका बाजूला बायका. केसरबाईंनी पुरुषांची संख्या पाहिली आणि आपली पाहिली, आणि मनात मशिनांना निरोप दिला. आधी तालमीचा दावा मताला आला.

"मारुतीच्या तालमीला गोदाम द्यावं असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करावेत," साहेब म्हणाले. "खांद्याच्या वर, म्हणजे मोजता येईल."

सभा स्तब्ध राहिली. नीट पाहिलं तर स्तब्ध नव्हती. ठिकठिकाणी हात निघत होते, पोटापर्यंत येत होते आणि तिथे तोंडं वाकडी होऊन परत जात होते. सदूनं एका हातानं दुसरा हात उचलायचा प्रयत्न केला, पण उचलणारा हातही त्याच अंगाचा होता. मास्तरांचा हात छातीशी येऊन बटणाशी थांबला आणि तिथेच सभ्यपणे राहिला. येसाजीराव घामाघूम झाले होते. त्यांचा हात मिशीपर्यंत पोचला. साहेबांना वाटलं, मिशी पिळतायत.

एक हात मात्र वर होता. तो भिकूचा. जागा गेल्यामुळे तो शनिवारी तालमीत आलाच नव्हता, देवळामागे झोपला होता.

"एक," साहेब म्हणाले. "महिला मंडळाच्या बाजूनं?"

खळकन बांगड्या वाजल्या. पाणी शेंदणारे, दळण दळणारे, पाटी पेलणारे हात सरळ वर गेले. गोदूबाईंनी दोन्ही केले. साहेबांनी एक मोजला.

"हरकत आहे," येसाजीराव बसल्या जागेवरून ओरडले. "मतदान पुढच्या रविवारी घ्यावं. कारण—"

आता केसरबाई उठल्या. गुडघे लटपटले नाहीत. "साहेब," त्या म्हणाल्या, "आमच्या सभेची शिस्त आहे. बोलायचं असेल त्यानं उभं राहून बोलावं. सरपंचांनीच घालून दिली आहे."

साहेबांनी सरपंचांकडे बघितलं. येसाजीरावांनी मांड्यांवर हात टेकले, दात आवळले, वीतभर वर आले. सगळी सभा त्यांच्याबरोबर श्वास रोखून वर आली. मग ते होते तिथे परत बसले, जरा जोरातच.

"हरकत नाही," ते क्षीण आवाजात म्हणाले.

बायकांच्या बाजूनं वेणूबाईंनी त्यांच्याकडे मायेनं बघितलं, आणि काही बोलल्या नाहीत. ते जास्त लागलं.

मशिनं आठवड्यात आली. बैलगाडीतूनच आली, पण तोंड या गावाकडे होतं. भागोजी मुंबईला परतायच्या दिवशी गोदामाशी आला, कुबडी टेकत. बायका उंबऱ्यावर जमल्या. कुणी डोळ्याला पदर लावला नाही, कुणी हात धरायला पुढे झालं नाही.

"पाट्याचा टवका उडालाय बरं का," गोदूबाई म्हणाल्या. "मी म्हटलं होतं. पुढच्या जत्रेला येताना पाट्याला छिन्नी मारणारा टाकीवाला घेऊन ये, आणि पाटा तूच उचलून दे, सुना दमतात."

भागोजीचं तोंड असं फुललं, की चांदीचा पेला मिळाला तेव्हाही फुललं नसेल. "आनतो, आजी," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी केसरबाई घरी आल्या तेव्हा मास्तर झोपाळ्यावर होते. अंगाचं धरणं आठवड्यात उतरायला हवं होतं, पण मास्तरांनी मधल्या शनिवारी सदूशी पुन्हा पैज लावली होती. झोपाळा हलत नव्हता. अंगठाही दुखत होता. केसरबाईंनी खोबरेल कोमट करून वाटीत आणलं आणि शेजारी बसल्या.

"अगं," मास्तर छताकडे बघत म्हणाले, "एकदा म्हण ना."

"काय?"

"तेच. पण या वेळी मनापासून."

केसरबाईंनी तेलाची वाटी त्यांच्यापासून हातभर अंतरावर, तांब्याच्या शेजारी ठेवली. "आधी वाटी उचलून द्या," त्या म्हणाल्या, "मग म्हणते."

मास्तरांनी हात पुढे केला. तो वाटीपर्यंत पोचला, थरथरला, आणि वाटीसकट वीतभर वर आला. तेल निम्मं सांडलं, निम्मं पोचलं. केसरबाईंनी उरलेलं तळहातावर घेतलं, त्यांचा खांदा चोळायला घेतला आणि झोपाळ्याला आपल्या पायानं हलकेच झोका दिला.

"अरेरे," त्या म्हणाल्या, आणि मास्तरांनी समाधानानं डोळे मिटले.